अकरा वर्षांचे प्राचीन देऊळ

देवळाचे वय विचारू नये, असे आमच्या गावचे म्हातारे गुरव म्हणत असत. कोणी विचारलेच, तर ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे ठरलेले उत्तर देऊन ते आरतीच्या तयारीला लागत. मला मात्र लहानपणापासून ती खोड आहे. कोणत्याही देवळात गेलो की आधी वय विचारायचे, आणि आकडा जितका मोठा तितके हात अधिक भक्तिभावाने जोडायचे. ही खोड मला थेट जपानात जाऊन मोडावी लागली. तेथील सर्वांत पूज्य मानल्या जाणाऱ्या शिंतो देवळासमोर उभे राहून मी वय विचारले, तेव्हा मला दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही खरी निघाली. एक उत्तर होते, तेराशे वर्षांहून अधिक. दुसरे होते, अकरा वर्षे.

हे देऊळ इसे या गावी आहे. माझी भाची नोकरीनिमित्त नागोया शहरात राहते. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, “मामा, क्योतोचे सोनेरी देऊळ सगळेच पाहतात. तुम्हाला इतिहासाचा नाद. तुम्हाला मी इसेला नेते.” मी आनंदाने हो म्हटले, पण खरे सांगायचे तर मन ठिकाणावर नव्हते. निघण्याच्या आदल्याच आठवड्यात कोकणातून गावच्या देवस्थानाच्या पंचांचे पत्र आले होते. ग्रामदेवतेच्या सभामंडपाचे फणसाचे खांब वाळवीने पोखरले आहेत. मंडप पाडून सिमेंट-काँक्रीटचा बांधावा, की लोखंडी टेकू देऊन आहे तसाच राखावा, याविषयी प्रत्येक मानकऱ्याने आपले मत लेखी कळवावे, असा मजकूर होता. त्या खांबांना टेकून मी आजोबांच्या मांडीवर कीर्तने ऐकली होती. पाडा म्हणवत नव्हते, आणि कुजलेल्या लाकडाला लोखंडाच्या कुबड्या लावा असेही लिहवत नव्हते. पत्र खिशात घेऊनच मी जपानला आलो होतो.

नागोयाहून आगगाडीने दीड तासात इसे येते. रात्रीपुरते आम्ही एका जुन्या घरगुती उतारूगृहात उतरलो. मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठीत किंचित वाकलेल्या, पण जिना चढताना आमच्या पुढे. त्यांनी पहिली गोष्ट बजावली ती ही की, आधी बाहेरच्या देवळात जा, मग आतल्या. तो क्रम चुकवायचा नाही.

इसे हे एक देऊळ नव्हे. लहानमोठी मिळून एकशे पंचवीस देवस्थाने या क्षेत्रात मोडतात. त्यांतली मुख्य दोन : गेकू म्हणजे बाहेरचे देऊळ आणि नाइकू म्हणजे आतले. नाइकूमध्ये सूर्यदेवी आमातेरासूचा वास. जपानचे राजघराणे आपला वंश हिच्यापासून सांगते, तेव्हा ती त्यांची कुलस्वामिनीच म्हणायची. गेकूमध्ये तोयोउके ही अन्नाची देवता. सूर्यदेवीच्या भोजनाची व्यवस्था पाहण्यासाठी तिला दूरच्या तांबा प्रांतातून येथे आणली, अशी परंपरा सांगते. शिंतो या शब्दाचा अर्थ ‘देवांचा मार्ग’. या मार्गाला कोणी संस्थापक नाही, वेद-बायबलासारखा एक ग्रंथ नाही. डोंगर, झरा, जुने झाड, पूर्वज, जेथे जेथे मन आपोआप नम्र होते तेथे तेथे ‘कामी’ आहे, एवढीच त्याची मूळ श्रद्धा. गावची सीमा, वड आणि वारूळ पुजणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

गेकूच्या आवारात रोज सकाळ-संध्याकाळ देवतांना नैवेद्य दाखवतात. भात, मासे, समुद्रातील वनस्पती, भाज्या, फळे, मीठ, पाणी आणि तांदळाची दारू असे ते ताट असते. तांदूळ देवस्थानाच्या शेतातले आणि मीठ देवस्थानाच्याच आगरातले. चूल पेटवतात ती काडेपेटीने नव्हे. लाकडावर लाकूड फिरवून अग्नी काढतात. आपल्याकडे यज्ञासाठी अरणीमंथन करतात, अगदी तसेच. हा क्रम सुमारे दीड हजार वर्षे चालू असल्याचे तेथे मानतात. पाऊस असो, भूकंप असो, लढाई असो, देवीचे जेवण चुकलेले नाही.

तेथून काही किलोमीटरवर नाइकू. इसुझु नदीवर शंभर मीटरांहून थोडा अधिक लांबीचा, सबंध लाकडी असा उजी पूल आहे. पुलाच्या दोन्ही टोकांना दोन तोरी, म्हणजे दोन खांब आणि आडव्या तुळया यांची साधी कमान. पूल ओलांडला की बाजार मागे राहतो. पायाखाली खडी वाजते, दोन्ही बाजूंना आकाशाला भिडलेले सुरूसारखे सरळ वृक्ष, आणि नदीकाठी मेपलची पाने लाल झालेली. नदीच्या घाटावर हात धुवायचे, तोंड खळाळायचे, आणि पुढे जायचे. कोठे घंटा नाही, धूप नाही, मूर्ती तर नाहीच.

शेवटी दगडी पायऱ्या येतात. वर लाकडी कुंपणाचे दार, आणि दारावर पांढरा रेशमी पडदा. यात्रेकरूचे दर्शन येथेच संपते. दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचे. आतले देऊळ कुंपणांच्या एकाआत एक चार रांगांमागे आहे. वरचे छप्पर काय ते दिसते. देवीचे प्रतीक एक आरसा आहे. तो कोणाला दाखवीत नाहीत. मी तेथे उभा असताना वाऱ्याने तो पडदा हलकेच उचलला गेला, आणि शेजारच्या सगळ्या माणसांनी एकदम माना लववल्या. देवीने स्वतः दार उघडावे तसे त्यांना ते वाटले असावे.

बाजूच्या वाटेने चालत गेले की छप्पर जरा नीट पाहता येते. गवताने शाकारलेले जाड छप्पर, त्यावर आडवे ठेवलेले दहा गोल ओंडके, आणि दोन्ही टोकांना कात्रीसारख्या एकमेकींना छेदून आभाळात गेलेल्या फळ्या. खांब दगडी जोत्यावर नाहीत, सरळ जमिनीत पुरलेले. लाकडाला रंग नाही, रोगण नाही. जमिनीपासून उचललेली ही बांधणी प्राचीन काळच्या धान्याच्या कोठारावरून आली, असे अभ्यासक सांगतात. १९३३ साली जपानात आलेला जर्मन वास्तुविशारद ब्रुनो ताउत याने हे पाहून ग्रीसच्या पार्थेनॉनची आठवण काढली होती. मला आमच्या घरामागच्या भाताच्या कणगीची आठवण झाली. देवाने राहावे तर धान्याजवळ, असे त्या शेतकऱ्यांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पण माझे पाय खिळले ते त्या छपरापाशी नव्हे, तर शेजारच्या मोकळ्या जागेपाशी. देवळाला लागूनच, तेवढ्याच लांबीरुंदीची एक रिकामी चौकट होती. नुसती खडी पसरलेली. मधोमध कोंबड्याच्या खुराड्याएवढे एक लाकडी खोपटे. मी भाचीला विचारले, “येथले देऊळ पडले का गं?”

“नाही मामा,” ती म्हणाली, “येथले अजून व्हायचे आहे.”

दर वीस वर्षांनी त्या शेजारच्या जागेवर हुबेहूब तसेच देऊळ नव्याने बांधतात. देवी रात्री नव्या घरी जाते, जुने उतरवतात, आणि ती जागा पुढची वीस वर्षे रिकामी राहते. खोपट्याखाली पवित्र मध्यस्तंभाची जागा झाकलेली असते. या विधीला ‘शिकिनेन सेन्गू’ म्हणतात. सम्राट तेम्मूने तो योजला आणि त्याच्या पश्चात राज्य करणाऱ्या सम्राज्ञी जितोच्या कारकिर्दीत ६९० साली नाइकूचे आणि ६९२ साली गेकूचे पहिले स्थलांतर झाले. २०१३ साली झाले ते बासष्टावे. आता दोन उत्तरांचा उलगडा झाला. देऊळ तेराशे वर्षांचे होते, आणि त्यातली एकही फळी तेरा वर्षांपूर्वी जागेवर नव्हती.

वीसच वर्षे का, याचे कारण कोणत्याही जुन्या कागदात दिलेले नाही. गवताचे छप्पर आणि मातीत पुरलेला खांब तेवढाच टिकतो, असे काही म्हणतात. मला पटले ते दुसरे कारण. विशीतला शिकाऊ सुतार पहिल्या बांधणीत ओंडके वाहतो आणि पटाशीला धार लावतो. दुसऱ्या बांधणीत, चाळिशीत, तो स्वतः खांब उभा करतो. तिसऱ्या बांधणीत, साठीला आलेला, तो ओट्यावर बसून दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो. वीस वर्षांऐवजी साठ वर्षांचे अंतर ठेवले असते, तर शिकवणारा आणि शिकणारा यांची गाठच पडली नसती.

आणि हे केवळ सुतारांपुरते नाही. देवळाबरोबर देवीची वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे, खोगिरे, विणकामाची साधने असे ७१४ प्रकारचे १,५७६ नग दर खेपेला नव्याने घडवतात. म्हणजे लोहार, विणकर, रंगारी, लाखकाम करणारे, सगळ्यांची विद्या विसाव्या वर्षी कसोटीला लागते. हिनोकी जातीची दहा हजारांहून अधिक झाडे लागतात. ती बहुतेक कीसोच्या डोंगरांतून येतात. पहिले पवित्र झाड आजही कुऱ्हाडींनीच पाडतात. तीन बाजूंनी खोबणी पाडत जायचे, म्हणजे झाड पाहिजे त्याच दिशेला पडते. मग त्याच झाडाची एक डहाळी उरलेल्या बुंध्यात खोचून डोंगराचे आभार मानायचे. एके काळी लाकूड इसेच्याच डोंगरांतून येत असे. ते रान संपले, तेव्हा दूरवर जावे लागले. १९२३ साली देवस्थानाने स्वतःच्या डोंगरांवर पुन्हा हिनोकी लावायला घेतले. योजना किती वर्षांची? दोनशे! २०१३ च्या बांधणीत जवळजवळ पाव हिस्सा लाकूड या नव्या रानातून आले. १९२३ साली ज्यांनी रोपे लावली, त्यांतल्या कोणालाही ते पाहायला मिळाले नसेल.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की जपानी माणसाने काळाला जिंकले. तसे झालेले नाही, आणि ते सांगितले नाही तर इतिहास अर्धा राहील. पंधराव्या शतकात सरदारांच्या आपसांतल्या लढायांनी देश विसकटला आणि देवळाची परंपरा तुटली. गेकूचे १४३४ चे स्थलांतर झाल्यावर पुढचे १५६३ साली, आणि नाइकूचे १४६२ नंतर १५८५ साली. सव्वाशे वर्षे! आजोबाने पाहिलेले नातवाला सांगावे, इतके माणूसही मध्ये उरले नाही. पुन्हा उभारणीसाठी दारोदार वर्गणी गोळा केली ती बौद्ध भिक्षुणींनी. केईकोइन मठाच्या सेइजुन आणि तिच्या मागून आलेली शूयो, या दोघींची नावे इतिहासात राहिली आहेत. इसेच्या सेवेत पूर्वी बौद्ध शब्दसुद्धा वर्ज्य असत. भिक्षूला ‘लांब केसांचा’ आणि पोथीला ‘रंगवलेला कागद’ असे फिरवून म्हणत. त्याच इसेची तुटलेली परंपरा मुंडन केलेल्या स्त्रियांनी सांधली. ८०४ साली लिहिलेली देवळाची बाडे होती, त्यांत विधी आणि मापे होती. पण बाड रंधा मारीत नाही. म्हणूनच आजचे रूप आणि ६९० चे रूप तंतोतंत एकच आहे, असे जाणकार म्हणत नाहीत. मधल्या काळात काही विसरले, काही नव्याने आले.

दुसरा घाव अलीकडचा. १८६८ नंतर मेइजी राजवटीने शिंतोला राज्याच्या दावणीला बांधले. इसेचे देऊळ राष्ट्राचे देऊळ झाले. पुढे युद्धखोरीच्या दिवसांत सैनिकांच्या निष्ठेसाठी याच श्रद्धेचा वापर झाला. १९४५ च्या पराभवानंतर, त्याच डिसेंबरात, विजेत्यांच्या हुकुमाने राज्य आणि शिंतो यांची फारकत झाली. सरकारी तिजोरी बंद झाली. १९४९ साली ठरलेले स्थलांतर पुढे ढकलावे लागले. त्या वर्षी फक्त उजी पूल नवा झाला. पुढे चार वर्षांनी, १९५३ साली, लोकांच्या देणग्यांतून एकोणसाठावे स्थलांतर पार पडले. तेव्हापासून पूल देवळाच्या चार वर्षे आधी बांधण्याचा रिवाज पडला आहे. घाव भरला, पण वण वेळापत्रकात राहिला.

त्या रात्री मालकीणबाईंनी आम्हाला जाड, मऊ शेवयांचा वाडगा पुढे ठेवला आणि गप्पा निघाल्या. भाची दुभाषी झाली. १९५३ साली बाई सात वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी गर्दी पाहिली होती. नवे देऊळ तयार झाले, की देवी येण्याआधी गावकऱ्यांना एकदाच आत जाता येते. पांढरे गोटे हातरुमालात धरून न्यायचे आणि देवळाभोवती ठेवायचे. १९७३ साली त्यांनी गोटा ठेवला तेव्हा कडेवर मूल होते. १९९३ साली नवरा बरोबर होता. २०१३ साली नातीचा हात धरून गेल्या.

“आणि २०३३ साली?” मी विचारले.

त्या हसल्या. बोटांवर मोजून दाखवले, सत्त्याऐंशी. मग काही बोलल्या. भाचीने अर्थ सांगितला : “मी नसले तर नात जाईल. गोटा कुठे ठेवायचा ते तिला दाखवून ठेवलंय.”

मी विचारले, जुने देऊळ मोडताना वाईट नाही का वाटत? बाईंना प्रश्नच कळला नाही. भाचीने दोनदा समजावला. तेव्हा त्या म्हणाल्या, मोडतात कुठे? लाकूड गावोगावच्या देवळांना जाते. २०११ च्या त्सुनामीत ज्यांची देवळे वाहून गेली, त्यांनाही गेले. आणि पुलाच्या तोरीचे खांब पाहिलेत ना? ते मागच्या देवळांचे आढे पेलणारे खांब. वीस वर्षे देवळात, वीस वर्षे पुलावर, मग जुन्या यात्रामार्गावरच्या सेकी आणि कुवाना गावांच्या कमानींत आणखी वीस.

मग त्यांनी २०१३ च्या ऑक्टोबरातल्या स्थलांतराच्या रात्रीचे वर्णन केले. सगळे दिवे मालवलेले. पुजारी कोंबड्याच्या आरवण्याची नक्कल तीनदा करतो. सूर्यदेवी रुसून गुहेत बसली होती, तेव्हा कोंबडे आरवले होते, त्या कथेची ती आठवण. मग पांढऱ्या रेशमी आडोशात झाकलेली देवी अंधारातून नव्या घरी चालत जाते. “दिसत काहीच नाही,” बाई म्हणाल्या, “फक्त खडीचा आवाज येतो.”

मला झोप लागेना. खिशातले पत्र काढून पुन्हा वाचले. पंचांनी विचारले होते, लाकूड राखायचे की पाडायचे? पण तो प्रश्नच अपुरा होता. इसेने लाकूड कधीच राखले नाही. राखले ते लाकूड घडवणारे हात. आमचा मंडप ज्या सुताराच्या पणजोबाने बांधला, तो सुतार ऐंशीच्या घरात आहे. त्याचा वाकस भिंतीला टांगलेला मी पाहिला आहे. त्याचा नातू मुंबईला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. गेल्या चाळीस वर्षांत गावाने त्या म्हाताऱ्याला देवळाचे एकही काम सांगितले नव्हते. पंचांत मीही होतो. वाळवी खांबांना लागण्याआधी ती आम्हाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिले. सगळा मंडप पाडू नका, सगळा राखूही नका. सर्वांत कुजलेले दोन खांब यंदा काढा. नवे खांब म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली घडवा, आणि नातवाला व गावातल्या दोन पोरांना रोजंदारी देऊन त्याच्या हाताखाली ठेवा. पुढचे दोन खांब पाच वर्षांनी. आणि देवळामागच्या पडीक जमिनीत आजच फणस लावा. माझ्या वाट्याची वर्गणी सोबत पाठवत आहे.

उत्तराचे काय झाले, असे वाचक विचारतील. बैठकीत बराच वाद झाला असे कळले. काँक्रीट स्वस्त पडते, हे खोटे नाही. अखेर दोन खांबांना मंजुरी मिळाली. उरलेल्यांचे ‘पुढे पाहू’ झाले. नातू आठ दिवसांची रजा काढून आला, आणि आठाचे वीस दिवस राहिला. पुढे राहील की नाही, सांगवत नाही. देवळामागे सात फणस लावले, त्यांतले दोन गुरांनी खाल्ले, पाच जगले आहेत.

इकडे इसेला २०२५ साली त्रेसष्टाव्या स्थलांतराच्या विधींना प्रारंभ झाला. कीसोच्या डोंगरात कुऱ्हाड पडली, डहाळी बुंध्यात खोचली गेली. शेजारची रिकामी चौकट अजून रिकामीच आहे. आठ वर्षांच्या कामाची ही नुसती सुरुवात. पण ती रिकामी आहे, असे मला आता वाटत नाही. आमच्या गुरवांचे खरे होते. देवळाचे वय विचारू नये. विचारायचेच तर एवढे विचारावे, की पुढचे बांधायला कोण शिकतो आहे?